चार टीबीची पूजा

"कॉम्प्युटर उघडायला इंजिनिअर कशाला लागतो? चार स्क्रू, एक स्क्रूड्रायव्हर आणि मी!"

नवनाथने हे वाक्य एमजी रोडवरच्या भर दुकानात छाती काढून ऐकवलं. दुकानदार बिचारा एवढंच म्हणाला होता, "साहेब, जुनी एसएसडी घेऊन या. त्यातलं सगळं नवीत भरून देतो, फुकट." पण दुसऱ्याचं ऐकेल तो नवनाथ कसला!

नवी एसएसडी, म्हणजे कॉम्प्युटरची साठवणीची डबी, चार टीबीची. सात पिढ्या फोटो काढत बसल्या तरी भरायची नाही, असं त्याने बायकोला, अंजलीला, बजावून सांगितलं. जुनी गच्च भरली होती आणि मधूनच रुसायची. तिचा रुसवा परवडणारा नव्हता, कारण तिच्यात त्याचे वडील होते.

झुंबरआबा लासलगावच्या मार्केटात कांद्याचा लिलाव पुकारायचे. गेल्या आषाढात ते गेले. मागे उरला एकच व्हिडिओ: ट्रॉलीजवळ उभे राहून आबा खणखणीत आवाजात बोली पुकारताहेत. ज्या मोबाइलवर तो काढला, तो मोबाइल व्हिडिओ एसएसडीत उतरवून घेतल्यावर इगतपुरीच्या धबधब्यात पडला आणि व्हिडिओ कुणाला पाठवायचं राहूनच गेलं. नवनाथची आई, सुलाबाई, रोज संध्याकाळी तो आवाज ऐकल्याशिवाय घास घेत नसे.

रविवारी नवनाथने फोटो-व्हिडिओंची जुनी एसएसडी कॉम्प्युटरमधून काढली आणि नवीच्या शेजारी देवापुढे ठेवली. घरात मिक्सर येवो नाहीतर मोटरसायकल, देवापुढे गेल्याशिवाय कामाला लागत नाही. मग एसएसडीने काय घोडं मारलंय? दोन्ही एकाच कंपनीच्या, काळ्या, पत्त्याच्या पानाएवढ्या. अगदी जुळ्या बहिणी!

"नवीला कुंकू लाव गं," अंजलीला सांगून स्वारी अंघोळीला गेली.

येऊन बघतो तर एकीवर ठसठशीत कुंकू. झालं! ओळखायचं कामच उरलं नाही. लेबल खालच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरात. वाचायचं म्हणजे चष्मा आला, आणि चष्मा लावला की वय दिसतं!

त्याने कुंकवाची एसएसडी केबलने जोडली आणि फॉरमॅटचं बटण दाबलं. नक्की फॉरमॅट करायचं का, सगळं पुसलं जाईल, असं कॉम्प्युटरने विचारलं.

"नवीत पुसणार काय? माझं कपाळ?" म्हणत त्याने 'होय' दाबलं.

मग दुसरी जोडली. ही कोरी आहे, आधी वापरायला तयार करा, असा निरोप आला. आता मात्र नवनाथने चष्मा लावला.

"अंजली! कुंकू कुठल्या एसएसडीला लावलंस?"

"अहो, नवीलाच लावत होते. आईंनी हात धरला."

"मंग?" गहू निवडता निवडता सुलाबाई म्हणाल्या, "नवीत काय हाय? रिकामं डबडं! पूजा करायची तर जुनीची. तिच्यात तुझे आबा हायेत."

नवनाथने धावत बाहेर जाऊन दुकानदाराला फोन लावला.

"साहेब, एसएसडीत पुसलं की बहुतेक गेलंच. घेऊन या, बघतो. पण आशा ठेवू नका."

नवनाथ जिन्यातच मटकन बसला आणि रडला. आबांना आपण दुसऱ्यांदा पोचवलं, आणि या खेपेला खांदा द्यायला चौघेही नव्हते!

संध्याकाळी सुलाबाई कॉम्प्युटरसमोर येऊन बसल्या. "लाव रे. नव्या डबड्यातून आवाज कसा येतो, बघू."

नवनाथने उगाच स्पीकर चालू केला, माउस इकडे-तिकडे फिरवला. सुलाबाई डोळे मिटून ऐकत राहिल्या. स्वयंपाकघरात अंजलीने कुकरखालचा गॅससुद्धा बंद केला.

"आई," शेवटी तो म्हणाला, "ते गेलं. माझ्याच हातून पुसलं गेलं. काहीच नाही राहिलं त्यात."

सुलाबाईंनी डोळे उघडले नाहीत. नवनाथ स्पीकर बंद करायला उठला, तशी त्यांनी त्याची बाही धरली.

"बंद नको करू. मार्केटात तेवढे वरडायचे. माझ्यापाशी असेच गप बसायचे."