परबकाकांची करवंदाची जाळी

झाडाला पाणी घातलं म्हणून कोणी भांडायला आलेलं तुम्ही पाहिलंय? आमच्याकडे तळमजल्यावरचे परबकाका येत. नव्वदच्या दशकातला विरारचा फुलपाडा; प्यायचं पाणीसुद्धा टँकरने यायचं. तरी माझ्या बायकोने एकदा भर उन्हाळ्यात, दया येऊन, तांदळाचं धुवण काकांच्या करवंदाला ओतलं. संध्याकाळी काका दारात हजर.

"वैनी, तिका पाणी घालू नकात. लाडावतली ती."

मागे उभ्या काकू आम्हाला हातानेच 'चालू द्या' म्हणून खुणावत होत्या.

काका देवगडकडचे. गावाहून लोक आमसुलं, फणसपोळी आणतात. काका एसटीतून गोणीभर जांभा दगड घेऊन आले होते. कंडक्टरने त्या गोणीचं वेगळं तिकीट फाडलं, ते त्यांनी कौतुकाने सगळ्यांना दाखवलं. कंपाउंडच्या कोपऱ्यात दगड रचून त्यांच्या फटीत त्यांनी करवंदाच्या बिया टाकल्या. करवंद हे सड्यावरचं, कातळावरचं झुडूप. बारा महिने हिरवं, अंगभर काटे आणि कोणाकडे काही मागणं नाही. "विरारात ऱ्हवाचा तर असा ऱ्हवाचा," काका म्हणत. बाकीच्यांच्या कुंडीतल्या गुलाबांना ते 'पेशंट' म्हणत. कुंडीवरून जाताना 'कसा आसा पेशंट?' अशी चौकशीही करत.

जाळी माणसाच्या उंचीची होईपर्यंत बिल्डिंगमध्ये स्कूटरीही वाढल्या. सेक्रेटरी शिंदे साताऱ्याकडचे. त्यांनी नेमका तोच कोपरा पार्किंगसाठी हेरला आणि काकांना समजवायला गेले. काकांनी त्यांच्यापुढे एक पिकलेलं करवंद धरलं.

"कोंबो काय कोंबडी?"

कोकणातल्या पोरांचा हा खेळ. करवंद फोडायचं, आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. शिंद्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. घाबरून ते "कोंबडी" म्हणाले. निघालं लाल.

"हरलात. पार्किंग पुढच्या वर्षी."

असं म्हणून काकांनी त्यांचा खिसा करवंदांनी भरला. गंमत म्हणजे शिंद्यांनी हा निकाल मान्य केला. पुढच्या मे महिन्यात ते पुन्हा गेले, पुन्हा हरले आणि खिसा भरून परत आले. कमिटीत त्यांना लोक हसत, पण करवंदं सगळे खात.

मग काकू विसरायला लागल्या. आधी गॅस, मग आमची नावं, मग विरारच. पहाटे उठून त्या गावच्या सड्यावर असल्यासारख्या थेट जाळीत हात घालायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "ह्यांका करवंदा नेतंय." करवंदांचे दिवस असोत वा नसोत, कोपरापर्यंत हात ओरबाडलेले. काका दाराला कडी लावत, त्या ती काढत. काकांनी जाळीभोवती साड्या बांधून पाहिल्या, त्याही त्यांनी सोडल्या.

जाळी पांढऱ्या फुलांनी भरली होती, तेव्हा एका सकाळी काकांनी स्वतःच कोयता घेतला. आवाज ऐकून शिंदे धावत खाली गेले.

"काका, राहू द्या. स्कूटरी लावू की आम्ही रस्त्यावर."

काका थांबले नाहीत. ज्या झुडपासाठी हा माणूस अख्ख्या कमिटीशी भांडला, ते त्याच्याच हाताने आडवं होताना गॅलरीतून बघून मला फार वाईट वाटलं.

थोड्या वेळाने मी खाली गेलो. काका पायरीवर बसले होते. मांडीवर फुलांची एकच फांदी, हातात नेलकटर. एकेक काटा कापायचा, तिथे अंगठा फिरवून बघायचं, मग पुढचा. फुलं त्यांनी जराही हलू दिली नव्हती.

"तिका काटे कळनत नाय आता," मला बघून ते म्हणाले आणि फांदी घेऊन आत गेले.

दार उघडंच होतं. काकूंनी फांदी घेतली, फुलांचा वास घेतला. मग परक्या माणसाशी बोलावं तशा अदबीने काकांना म्हणाल्या, "बसा. आमचे हे येतले इतक्यात."

काका बसले.