इस्लामी मंडळाचे अध्यक्ष वासुदेव

लॅपटॉपवर बुवा कीर्तनाच्या उत्तररंगात शिरले होते आणि वासुदेव भेंडी चिरत होता, तेवढ्यात फोन आला. पलीकडून कुणी बाई भराभर जर्मन बोलत होत्या. एक कान बुवांकडेच ठेवून वासुदेव सवयीने "जा, गेनाऊ", म्हणजे 'हो, अगदी बरोबर', म्हणत गेला. फोन ठेवल्यावर त्याला उमगलं, की आपण एका परक्या माणसाचं दफन कबूल करून बसलोय.

याच्या मुळाशी त्याच्या मित्राचं, मयुरेशचं कुंपण होतं. जर्मनीतल्या आखन शहराच्या कडेला त्याने भाड्याने बाग घेतली, कुंपण नियमापेक्षा उंच घातलं आणि बागवाल्यांच्या संघाचं पत्र येताच रागाने बागेचं स्वतंत्र राष्ट्र जाहीर केलं. झेंडा, वेबसाइट, मंत्रिमंडळ, सगळं. नागरिक म्हणजे रविवारी भजी खायला येणारे मित्र. प्रत्येक धर्माचं सल्लागार मंडळ नेमलं, पण भांडणं नकोत म्हणून अध्यक्ष दुसऱ्या धर्माचा. त्यामुळे इस्लामी मंडळ वासुदेवकडे आणि हिंदू मंडळ मिरजेच्या यासीन मुजावरकडे. मशिदीत फोन लागेना, म्हणून वृद्धाश्रमातल्या बाईंनी नेटवर शोधलं, तर या वेबसाइटवर वासुदेवचा नंबर सापडला.

"नक्की म्हणाल्या काय?" यासीन हसत होता.

"हसन नावाचे आजोबा गेले. मागे कुणी नाही. शुक्रवारपर्यंत जबाबदारी घेणारं कुणी आलं नाही, तर नगरपालिका दहन करणार."

यासीनचं हसू मावळलं. "दहन?"

"आमच्याकडे अग्नीनेच सुटका होते रे, पण..."

"आमच्यात नाही होत."

"मी जाऊन चूक झाली म्हणून सांगतो. तू चल."

"अध्यक्ष तू. मी आपला हिंदूंचं बघतो," यासीन म्हणाला, आणि कोट चढवू लागला.

वृद्धाश्रमात फोनवरच्या बाईंनी, फ्राऊ केलरनी, आजोबांची खोली उघडली. गादीवरची चादर काढलेली होती. पलंगाखाली सपाता, टोकं दाराकडे.

"भेटायला कुणी येत नसे," त्या म्हणाल्या. "तरी रोज दाराकडे तोंड करून बसायचे. आल्झो, म्हणजे आपण मंडळातर्फे आलात ना?"

वासुदेवने यासीनकडे पाहिलं. यासीन सपातांकडे बघत होता.

"जा," वासुदेव म्हणाला. या वेळी दोन्ही कान तिथेच होते. "गेनाऊ."

मग मशिदीत खेटे घातले. इमामसाहेब नमाज पढवायला लगेच तयार झाले, पण सरकारदरबारी जबाबदार माणूस म्हणून अध्यक्षच उभा राहिला. खांद्याला माणसं कमी पडली, तेव्हा अख्खं मंत्रिमंडळ आलं. संरक्षणमंत्री उत्कर्ष ऑफिसला दांडी मारून. राष्ट्राध्यक्ष मयुरेशने झेंडा आणला होता, यासीनने तो त्याच्या गाडीतच ठेवायला लावला. चिखलात राष्ट्राध्यक्षांचा एक बूट रुतला तो शेवटपर्यंत निघाला नाही. एका मोज्यावर त्यांनी खांदा दिला.

वासुदेवने मूठभर माती टाकली. ओठांवर सवयीने 'रामकृष्ण हरी' आलं, ते त्याने घाईने गिळलं.

यासीनने कोपराने ढोसलं. "गिळू नकोस. मनात म्हण. कुणीतरी आलं होतं, एवढं कळू दे त्यांना."

परतताना बस येईना. वासुदेव बुटांचा चिखल फुटपाथच्या कडेला घासत होता.

"आमचा पोरगा वेदांग माझ्याशी जर्मनमध्येच बोलतो. माझ्या वेळेला काय रे?"

"हिंदू मंडळाचा अध्यक्ष कोण?"

"तू."

"मग झालं तर. फक्त कुठल्या बुवांचं कीर्तन लावायचं, ते आत्ताच सांगून ठेव. तेव्हा तू गेनाऊसुद्धा म्हणायचा नाहीस."