शिक्का नसलेलं वाक्य

रबरी शिक्का करून घ्यायचं मनात आलं, तिथेच वाट लागली. नाहीतर मी तसा निरुपद्रवी माणूस आहे. (माझी बायको मृणालिनी 'निरुपयोगी' म्हणते, पण तिचा उच्चार पहिल्यापासून जरा अस्पष्टच आहे.)

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सव मंडळाचं एक लोखंडी कपाट आहे. वर झांजा आणि सतरंज्या, खालच्या दोन फळ्यांवर वाचनालय. रविवारी सकाळी ते उघडून बसायचं काम माझं. एकोणऐंशी साली मला विज्ञानाचा झटका आला. कादंबरी मागायला आलेल्या बायकांच्या हातात मी अणू, तारे, माणसाचं हृदय असली पुस्तकं कोंबायला लागलो. वर बजावायचो, "पण छापलंय म्हणून खरं मानायचं नाही हं! शंका घ्यायची!"

लोक शंका घेईनात. पुस्तकंच घेईनात, तर शंका कुठून घेणार?

मी ऑफिसात चौकशी विभागाला कारकून. आमच्याकडे अर्जातल्या संशयास्पद मजकुरावर शिक्का मारतात: 'पडताळून पाहावे'. म्हटलं, झकास! तसाच एक घरी करून घेतला. पुस्तक आधी मी वाचणार आणि शंकेच्या वाक्याशेजारी समासात ठप्प! पहिल्या महिन्यात मी विश्वाचं वय, देवमाशाचं वजन आणि पालकातलं लोह, एवढं सगळं संशयित ठरवलं. ऑफिसात एवढं काम केलं असतं तर आज साहेब असतो.

हे सगळं मनापासून वाचणारा माणूस एकच. धोंडिराम. स्टेशनजवळ त्याचं घड्याळदुरुस्तीचं खोपटं. एक स्टूल, एक काचेची पेटी आणि उजव्या डोळ्यात कायम अडकवलेलं भिंग. शाळा चौथीपर्यंत, पण वाचायचा अक्षर न् अक्षर.

"श्यामराव, ह्या शिक्क्याचं गणित काय?" त्याने एकदा विचारलं होतं.

"सोपं आहे रे! शिक्का असेल तिथे शंका. नसेल ते पास."

"म्हणजे ते तुम्ही पडताळलेलं?"

"अर्थात!" मी म्हणालो. (पडताळायचं म्हणजे नक्की काय करायचं, हे मला आजही ठाऊक नाही. ऑफिसात आम्ही शिक्का मारून फाइल पुढच्या टेबलावर सरकवतो.)

मग फेब्रुवारी ऐंशीचं सूर्यग्रहण आलं. आठ दिवस आधीच माझ्या अंगात आलं होतं. जिन्यात, नळावर, दुधाच्या रांगेत मी भाषणं ठोकत होतो. कसला राहू न् कसला केतू! कपाटात आकाशावरचं एक जाडजूड पुस्तक होतं, त्याची मी सगळ्यांकडे शिफारस करत सुटलो. नेलं फक्त धोंडिरामनं. पुस्तकाच्या त्रेसष्टाव्या पानावर एक वाक्य होतं: 'काजळी धरलेल्या काचेतून ग्रहण खुशाल पाहावे.' हे वाक्य मला फार आवडलं होतं. इतकं आवडलं की शिक्का उचलायचं सुचलंच नाही. शंका मी नेहमी न पटणाऱ्या गोष्टींवरच घेत आलो.

शनिवारी दुपारी अडीचला ग्रहण लागायचं होतं. दोन वाजता रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. आईने पिण्याच्या पाण्यात तुळशीपत्र टाकलं आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी काच आणि मेणबत्ती घेऊन गच्चीकडे निघालो होतो. पहिल्या जिन्यावर मनात पाल चुकचुकली. समजा, समजा हं, खरंच काही असलं तर? मी परत फिरलो.

"काय रे, विसरलास काही?" आईने विचारलं.

"सर्दी झालीये," मी म्हणालो.

पुढचे अडीच तास मी खिडकीच्या फटीत वर्तमानपत्रांचे बोळे कोंबून, गोधडी पांघरून बसलो होतो. मृणालिनी हसून हसून खाली बसली. गल्लीत "दे दान, सुटे गिराण" ऐकू आल्यावर मी आईच्याही आधी आंघोळीला घुसलो.

सोमवारी संध्याकाळी दुरुस्तीला टाकलेलं माझं घड्याळ न्यायला गेलो. धोंडिराम स्टुलावर बसला होता. भिंग पेटीवर पडलेलं. समोर माझं घड्याळ उघडं.

"काय रे, झालं नाही?"

"श्यामराव, कड दिसते, काटे दिसत नाहीत."

"म्हणजे?"

"जिथे बघतो नेमकं तिथेच काळा डाग. बाजूचं सगळं स्वच्छ. दुखत नाही, खुपत नाही. काल सकाळी उठलो तर असं." मग हळूच म्हणाला, "फार सुंदर दिसलं हो ग्रहण. काच काजळून वीस मिनिटं पाहिलं. सवयीने डावा मिटला आणि कामाच्या डोळ्याने पाहिलं."

त्याला रिक्षात घालून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी बॅटरी मारून बराच वेळ आत पाहिलं. पडदा भाजलाय, म्हणाले. काजळीच्या काचेने उजेड कमी होतो, भाजायचं थांबत नाही. सहा महिने वाट पाहा. भरेल कदाचित, कदाचित नाही.

"आणि डाव्याने काम?" धोंडिरामने विचारलं.

"शिकावं लागेल."

बावन्नाव्या वर्षी! परतीच्या वाटेवर त्याचा हात धरून रस्ता ओलांडताना मला स्वतःची किळस आली.

खोपट्याशी आल्यावर तो म्हणाला, "मला रात्रीपासून तुमचीच काळजी."

"माझी?"

"तुम्हीही पाहिलं असणार ना! दोन्ही डोळ्यांनी. तुमचा डाग केवढा आहे?"

खोटं बोलता आलं असतं. पण तो डाव्या डोळ्याने माझ्याकडे इतक्या मायेने पाहत होता की सगळंच ओकलो. गच्ची, पाल, सर्दी, गोधडी. बोळेसुद्धा. आणि त्रेसष्टावं पान मी पडताळलं नव्हतं, काहीच कधी पडताळलं नव्हतं, हेही.

धोंडिरामने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तो शिक्का आहे का जवळ?"

होता. खिशातच असायचा, शाईच्या डबीसकट. मला वाटलं, पुस्तक काढून त्या वाक्याशेजारी मारणार. त्याने शिक्का शाईवर नीट दाबला आणि डावा हात पुढे करून माझी हनुवटी धरली.

"हलू नका," तो म्हणाला. "मला मधलं दिसत नाही. कडेच्या अंदाजाने मारतोय."

अंदाज अचूक होता. कपाळाच्या बरोबर मध्यावर.

"घड्याळ ठेवून जा," तो म्हणाला. "डाव्याने शिकायला तुमचंच घेतो. बिघडलं तर बिघडलं."

मी तसाच घरी गेलो. दार मृणालिनीने उघडलं. तिने कपाळ वाचलं, पदराने पुसून पाहिलं. निघेना. मी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिचे डोळे भरून आले. "बिचारा रे!" म्हणाली. मला वाटलं, मलाच म्हणाली. मी जरा जवळ सरकलो.

"धोंडिरामला म्हणतेय मी," ती म्हणाली. मग पुन्हा एकदा माझं कपाळ वाचलं. "एवढी वर्षं मला कळत नव्हतं, आमच्या बाबांनी तुला पास कसा केला. आता कळलं. तेव्हा तुझ्यावर शिक्का नव्हता."