घोसाळकरची चढाई

चिंचखिंडीच्या कबड्डी मंडळाने वाजतगाजत आणलेला स्टार खेळाडू रणधीर घोसाळकर अकरा वर्षांपूर्वी चढाईला गेला, तो अजून परत आलेला नाही.

लांब कुठे गेलेला नाही. मध्यरेषेच्या पलीकडे, समोरच्या संघाच्या, म्हणजे पांढरओढ्याच्या अर्ध्या मैदानात आहे. हाक मारली तर बघतो. त्याचा दम सुटलेला नाही, त्याचा कुणाला हात लागलेला नाही आणि त्याला कुणी धरलेलंही नाही. तीस सेकंदांचं घड्याळ त्या दिवशी लाइट गेल्यावर बाविसावर थांबलं. लाइट आली, पण घड्याळ परत चालू कुणी करायचं यावर मंडळाचं एकमत झालं नाही. त्यामुळे नियमाप्रमाणे घोसाळकरची आठ सेकंदं शिल्लक आहेत. तो जेवतो, दाढी करतो, झोपतो, पण तोंडातलं कबड्डी थांबत नाही. झोपेत जरा हळू येतं, तेव्हा पंच गुरव कान लावून ऐकतात आणि समाधानाने मान हलवतात.

पांढरओढ्याचे सात जण मागच्या रेषेला बाजा टाकून आहेत. चढाई चालू असताना खेळाडू बदलता येत नाही, पण लग्न, मर्तिक आणि म्हैस व्यायला झाली तर पंच सूट देतात. घोसाळकर आत घुसत नाही, कारण सातही जण अंगावर पडतील. ते पुढे येत नाहीत, कारण हात लागेल. आणि रिकाम्या हाताने परत यायचं, तर अण्णांनी पहिल्याच दिवशी ओरडून सांगून ठेवलंय, "गुण न घेता आलास तर तंगडं मोडीन!"

अण्णा मंडळाचे अध्यक्ष. रोज ऊन उतरलं की ते आणि त्यांच्या वयाचे बाकीचे मैदानाकडेला खुर्च्या टाकतात आणि घोसाळकरवर चिडतात. मन लावून चिडतात. चहा येतो, तंबाखू मळली जाते, नव्या जावयाला आणून लांबून घोसाळकर दाखवला जातो. "ह्याच्यापरास खोंड आणला असता तर नांगराला तरी आला असता," असं अण्णा म्हणतात आणि सगळे पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसतात. हे म्हणताना अण्णांच्या पायात घोसाळकरच्याच चपला असतात. चढाईला जाताना त्याने त्या रेषेवर काढल्या होत्या. पडून खराब होतील म्हणून अण्णा वापरतात.

अण्णांचा मुलगा इंद्रजित. सगळे इंद्या म्हणतात. घोसाळकरनंतरची चढाई त्याची आहे. घोसाळकर गेला तेव्हा इंद्या बारा वर्षांचा होता. कधीही पुकारा होईल म्हणून त्याने कॉलेजसुद्धा दुसऱ्या वर्षाला सोडलं. रोज पहाटे उठतो, बैठका मारतो, चड्डी-बनियनवर रेषेपाशी येऊन उभा राहतो. आजवर एकदाही तो खेळलेला नाही. गावात त्याच्या वयाचं कुणीच खेळलेलं नाही, आणि खुर्च्यांवरचे म्हणतात, हल्लीच्या पोरांना मैदानाची आवडच राहिली नाही.

"अण्णा, त्याला 'ये' म्हणा," इंद्या एकदा म्हणाला. "एकच शब्द आहे."

"असा कसा ये? हत्तीवरनं मिरवणूक काढली होती त्याची."

"हत्ती कुठला? ट्रॅक्टर होता."

"ट्रॅक्टर तर ट्रॅक्टर. फुकट आला होता का तो?"

"मग मी कधी खेळायचं?"

"धीर न्हाई तुमच्यात," अण्णा म्हणाले आणि खुर्ची सावलीला सरकवली.

"तुम्हाला तो परत नकोच आहे," इंद्या म्हणाला. "तो आला तर संध्याकाळी करणार काय तुम्ही? घरी बसलात तर आई हाकलून देईल."

 खुर्च्यांवरचा एकजण खाकरला आणि म्हणाला, बघा, मोठ्यांशी बोलायची पद्धत बघा.

इंद्या रेषेच्या कडेने घोसाळकरपाशी गेला. "दादा, तुम्हाला यायचंय का?"

"कबड्डी," घोसाळकर म्हणाला. त्यात कुठेही अडखळणं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी इंद्या पांढरओढ्याला गेला. त्यांचा कर्णधार सर्जेराव गुडघ्याला तेल लावत बसला होता. घरची म्हैस व्यायला झाली म्हणून सुटीवर आला होता.

"मला तुमच्यात घ्या," इंद्या म्हणाला.

"अन तू काय करणार?"

"बाद होणार."

सर्जेरावाने जरा विचार केला. "आमचा एक गुण जाईल की."

"जाईल. पण मग चढाई तुमची. बाजा घरी नेता येतील."

सर्जेरावाने तेलाची बाटली बाजूला ठेवली आणि बायकोला हिरवी जर्सी काढायला सांगितली.

संध्याकाळी सुटीवरच्या सर्जेरावाच्या जागी इंद्या हिरवी जर्सी घालून उतरला. पंच गुरवांनी म्हैस खरोखर व्यायली का, याची खात्री करून घेतली. इंद्या सरळ चालत घोसाळकरच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला.

"लावा हात."

"कबड्डी?"

"खरंच. लावा."

घोसाळकरने एक बोट पुढे केलं आणि इंद्याच्या खांद्याला टेकवलं. मग वळला आणि पळत नाही, चालत मध्यरेषेपलीकडे आला. गुरवांनी शिट्टी वाजवली. घोसाळकरने दम सोडला. मैदान इतकं शांत झालं की कडेच्या लिंबावरचे कावळे उडाले.

"माझ्या चपला कुठायत?" घोसाळकरने विचारलं.

अण्णांनी खाली बघितलं. चपला काढल्या, पायानेच पुढे सरकवल्या. "एक गुण," ते म्हणाले. "एकच." पण त्यात जोर नव्हता. खुर्च्यांवरचे एकमेकांकडे बघू लागले. कुणी तंबाखूची पुडी उघडली आणि तशीच बंद केली. आता कशावर बोलायचं, ते कुणालाच सुचेना.

मग अण्णांची नजर पलीकडे गेली. नियमाप्रमाणे बाद झालेला इंद्या हिरव्या जर्सीत मैदानाबाहेर मांडी घालून बसला होता.

"हा बघा!" अण्णा उठले. "घरचं दूध पाजून वाढवला ह्याला! घरचं! अन जाऊन उभा कुठं राहिला?"

"अध्यक्षाचा पोरगा!"

"जर्सी तरी मापाची घालायची!"

खुर्च्या उचलल्या गेल्या आणि इंद्याच्या दिशेला तोंड करून परत मांडल्या. पाठोपाठ हुर्यो उठली, इंद्याच्या नावाची. घोसाळकरला एक खुर्ची दिली, चहा दिला. त्याने दोन घोट घेतले, इंद्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाला, "उभं राहायचीसुद्धा पद्धत नाही त्याची." अण्णांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

मैदानावर इंद्याचं नाव पहिल्यांदाच घेतलं जात होतं. तो ऐकत बसला. पांढरओढ्याने गुण घेतला की तो पुन्हा आत जाणार होता, आणि सुटी संपवून दुसऱ्या एकाच्या जागी उतरलेला सर्जेराव चढाईसाठी गुडघ्याला पट्टी बांधत होता.

"तुझ्या बापाला गप्प बसायला सांगू का?" सर्जेरावाने विचारलं.

"नको. दिवे लागले की आपोआप उठतात."

दिवे लागले, तसे ते उठले. अण्णा अनवाणी निघाले. जाताना उद्या जरा लवकरच यायचं ठरलं.