शुक्रवारचा सामना आणि लल्ला तामूची परात

"सात पोरं वाढवली मी! एकाचाही दात पडू दिला नाही! मग तुमच्या पंधरा पोरांचं काय घेऊन बसलात?"

असं लल्ला तामू, म्हणजे तामूबाई, भर गल्लीत म्हणाली, आणि तिथेच फसली.

खरं सांगायचं तर तिच्या दोन नंबरच्या मुलाचे पुढचे दोन दात अजून सोन्याचे आहेत. पण बाई एकदा बोलायला लागली की अझमूर गावात कोणाची हिंमत आहे दात मोजायची!

तिला काही हौस नव्हती हो. दुपारची दोन घटका पडावं, गुडघ्यांना जरा सुख द्यावं, एवढीच तिची इच्छा. पाठ टेकते न टेकते तोच भाचा दारात येऊन बसला. हा मिलूद. सकाळी गाड्यांची पंक्चरं काढतो आणि संध्याकाळी गल्लीतल्या बारा वर्षांखालच्या पोरांना फुटबॉल शिकवतो. संघाचं नाव शबाब अल-वाद, म्हणजे नदीकाठची पोरं.

"आत्या, मी सोडतो," तो म्हणाला. "पोरं सांभाळता येतात मला. पोरांचे बाप नाही सांभाळता येत."

झालं होतं असं. मागच्या सामन्यात खाटीक बुशाइबने पंचाला चप्पल फेकून मारली. पंच वाकला आणि चप्पल समोरच्या संघाच्या एका बापाच्या टकलावर बसली. त्याने ती परत फेकली. मग दोन्हीकडचे बाप मैदानात! पोरं बाजूला उभी राहून बघतायत आणि बाप एकमेकांच्या गळपट्ट्या धरतायत! त्या धक्काबुक्कीत एका पोराचा दात गेला. फुटबॉल मंडळाचं पत्र आलं, की पुढच्या शुक्रवारी निरीक्षक येईल, आणि तुमच्या बाजूने एक जरी अपशब्द ऐकू आला तरी संघाचं नाव यादीतून काढून टाकू.

"काढू दे," तामू कूस बदलत म्हणाली. "पायाने चेंडू मारायला पत्रं कशाला लागतात?"

मिलूद नुसतं अंगणाकडे बघत राहिला. अंगणात अय्यूब भिंतीवर चेंडू मारत होता आणि झेलत होता.

अय्यूब हा तामूच्या लेकीचा मुलगा. बाप दोन वर्षांपूर्वी मासेमारीच्या बोटीवर स्पेनला गेला, तेव्हापासून पोराने जीभ आवरती घेतली. दिवसाला सात शब्द बोलला तर घरात सण! पण गोलासमोर उभा राहिला आणि चेंडू आला, की असा ओरडायचा, "माझाऽऽ!" नदीपलीकडचे बगळे उडायचे. तेवढा एकच शब्द तो मोठ्याने बोलायचा. संघ गेला, तर तो शब्दही जाणार.

तामू उठून बसली. गुडघे कुरकुरले. तिने गुडघ्यांना दटावलं. आणि मग गल्लीत जाऊन ते दातांचं वाक्य बोलली, आणि शुक्रवारची सगळी जबाबदारी तिच्याच गळ्यात पडली.

मंडळाने एक कागद दिला होता. तामूला अक्षर वाचता येत नाही, म्हणून मिलूदने वाचून दाखवला.

"रेघेबाहेरून ओरडायचं नाही, फक्त चांगलं बोलायचं. पोरगं चुकलं तरी शाब्बास म्हणायचं."

"म्हणू. मन मारून म्हणू."

"कोणाला लागलं तर खेळ लगेच थांबवायचा. पाणी जवळ ठेवायचं."

"ठेवू."

"आणि सामन्याआधी हलकं खायला द्यायचं. एखादं केळं."

तामूने मान वर केली. "कधी आहे सामना?"

"शुक्रवारी, चार वाजता."

"शुक्रवारी, कुस्कुसाच्या दिवशी, केळं?" तामूचा आवाज इतका खाली आला की मिलूद आपोआप मागे सरकला. "माझ्या घरून पोरं शुक्रवारी केळं खाऊन बाहेर पडणार? गल्ली काय म्हणेल? तामू म्हातारी झाली, तिच्या चुलीला पाय फुटले?"

"आत्या, कागदात लिहिलंय..."

"तो कागद लिहिणाऱ्याला आई नसेल!"

गुरुवारी ती बुशाइबच्या दुकानात गेली. बुशाइब म्हणजे मिशीवाला डोंगर. हातात सुरा.

"उद्या पंच चुकला तर काय म्हणशील?"

"म्हणेन की आंधळ्या, तुझ्या..."

"चुकलं. म्हणायचं, 'पंचसाहेब, डोळ्यांना जरा आराम द्या.'"

"लल्ला, हे माझ्या घशातून कसं निघणार?"

"निघत नसेल तर घसा बंद ठेव. तुझा जुहैर आघाडीला खेळतो ना? संघ गेला तर दिवसभर इथे तुझ्या दुकानात माश्या मारील. चालेल? आणि मटण नीट दे, नुसती हाडं भरू नकोस."

बुशाइबने हाडं काढून घेतली. एवढा तो घाबरला होता.

शुक्रवारी पहाटे तामू उठली तेव्हा कोंबडाही विचारात पडला होता. पंधरा पोरांचा कुस्कुस! रवा चोळायचा, वाफवायचा, परातीत मोकळा करायचा, पुन्हा वाफवायचा, पुन्हा चोळायचा, पुन्हा वाफवायचा. तीनदा. दोनदा वाफवणारी बाई तामूच्या लेखी बाई नव्हे. वर सात भाज्या, मटण, परतून गोड केलेला कांदा, मनुका. आणि बादलीभर ताक. दुपारपर्यंत तिचे डोळे अर्धे मिटले होते आणि कंबर दुसऱ्याच कोणाची तरी झाली होती.

नमाज झाला, पोरं आली आणि परातीभोवती बसली. आता तामूच्या घराचा नियम असा, की 'पोट भरलं' हे पहिल्यांदा म्हटलं तर तिला ऐकू येत नाही, दुसऱ्यांदा म्हटलं तर राग येतो. तिसऱ्यांदा म्हणायची अजून कोणाची छाती झालेली नाही.

"जुहैर, थांबलास का?"

"आजी, मला पळायचंय..."

"रिकाम्या पोटी पळशील? खा!"

पोरांना सोडायला आया आल्या, त्याही बसल्या. बाप आले, तेही टेकले. बुशाइब दोन पोरांच्या मध्ये जागा करून बसला आणि त्याने परातीचा एक कोपरा एकट्याने साफ केला.

एवढ्यावर निभावलं असतं. पण दोन वाजता पाहुण्यांची गाडी आली. जदीदा गावची पोरं, मागच्या चप्पलफेकीतलाच संघ. घरून लवकर निघालेली, तामूच्या दारासमोरच्या भिंतीच्या सावलीत बसून बिस्किटं चघळत होती. तामूने खिडकीतून बघितलं आणि तिच्या काळजाचं पाणी झालं.

"मिलूद! पाहुणी पोरं माझ्या दारात बिस्किटं खातायत!"

"आत्या, ती त्यांची टीम आहे. आपल्याला त्यांना हरवायचंय."

"उपाशी पोरांना हरवणार? लाज नाही वाटत? बोलव त्यांना आत!"

दुसरी परात निघाली. ती सबंध आठवड्याची होती, पण निघाली. त्यांचा मास्तर आला, बाप आले, गाडीवाला आला, वासाने पंचही आला. पंचाने तर शिट्टी काढून बाजूला ठेवली, ताकात बुडेल म्हणून!

एकच माणूस जेवला नाही. मंडळाचा निरीक्षक, सी मफद्दल, म्हणजे मफद्दलसाहेब. काठीसारखा बारीक, काखेत फाईल.

"दोन घास, साहेब."

"कामावर असताना मी काही घेत नाही."

तामूने ओठ घट्ट मिटले. अय्यूबकडे बघून मिटले. नाहीतर तिच्या दारातून कोणी न जेवता गेलाय आणि कानात काही न घेता गेलाय, असं आजवर झालेलं नव्हतं.

चार वाजले. मैदान कोटाच्या भिंतीखाली, तामूच्या घरापासून चार पावलांवर. ऊन असं मऊ, जसं कोणी अंगावर गोधडी घालतंय. पंचाने शिट्टी वाजवली. वाजली कसली, उसासा टाकला तिने.

कुस्कुसावर ताक प्यायलेला माणूस शुक्रवारी चार वाजता काय करतो, हे त्या गावात तान्ह्या लेकरालाही ठाऊक आहे. पण सामन्याच्या गडबडीत ते कोणाच्याच ध्यानात आलं नाही!

जुहैर चेंडूकडे निघाला, तो वाटेत कशाला निघालो होतो हे विसरल्यासारखा थांबला. जदीदाच्या एका पोराने चेंडू अडवला आणि त्यावरच बसला. दोघं समोरासमोर आले की टक्कर व्हायच्या ऐवजी एकमेकांना टेकून उभे राहायचे. पंच एका जागी उभा राहून मान डोलवत होता. त्याला कोणी काही विचारलं की तो म्हणायचा, "तुम्हीच ठरवा, बाळांनो."

मग पंच खरंच चुकला! चेंडू हाताला लागला, सगळ्यांनी बघितलं, शिट्टी नाही! बुशाइब उठला. मिलूदने डोळे मिटले. बुशाइबने छाती भरून घेतली, तोंड उघडलं, आणि आतून एवढी मोठी जांभई निघाली की शेजारच्या चार बापांनाही लागली. तो खाली बसला आणि जदीदाच्या त्या टकलू बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपला. हो, तोच, चप्पल बसलेला! त्यानेही खांदा जरा पुढे केला.

दुसऱ्या सत्रापर्यंत अख्ख्या मैदानात दोनच माणसं टक्क जागी होती. एक निरीक्षक, कारण तो जेवला नव्हता. आणि दुसरी तामू. तीही जेवली नव्हती. रांधणारी शेवटी बसते, आणि ती बसली तेव्हा परातीत एक मनुका उरली होती. पहाटेपासून जिला झोप हवी होती, ती एकटी डोळे ताणून बसली होती, आणि ज्यांनी काडी उचलली नव्हती ते घोरत होते. तामूला हे नवीन नव्हतं. तिचा अख्खा संसार असाच झाला होता.

शेवटची दोन मिनिटं उरली. तेवढ्यात जदीदाचं एक बुटकं पोरगं जागं झालं! बिचाऱ्याने थोडं खाल्लं असावं, तामूचं लक्ष चुकवून. चेंडू घेऊन ते रमतगमत मिलूदच्या संघाच्या गोलाकडे निघालं. अडवायला कोणी नाही. आणि गोलात अय्यूब खांबाला गाल लावून गाढ झोपलेला!

तामू उभी राहिली. "अरे गाढवा, ऊठ!" एवढं जिभेवर आलं, आणि निरीक्षकाने तिच्याकडे बघितलं. हातात पेन!

"अय्यूब..." तामू म्हणाली. "शाब्बास, राजा... किती छान झोपतोस... जरा डोळेही छान उघड..."

पोरगं हलेना. चेंडू दहा पावलांवर आला. ओरडता येत नाही, शिव्या देता येत नाहीत, मग बाईजवळ उरतं काय?

तिने जीभ टाळूला लावली आणि लग्नात घालतात तो हर्षाचा कल्लोळ घातला. "लुलुलुलुलुऽऽ!"

तो आवाज आला की त्या गावची बाई मेलेली असली तरी साथ देते! रेघेवरच्या सगळ्या आया दचकून उठल्या आणि डोळे न उघडताच "लुलुलुऽऽ!" कोटावरच्या गच्चीतून शेजारणी सामील झाल्या. "कोणाचं ठरलं गं?" एक वरून ओरडली. "मुलगी कुठली?"

अय्यूबने डोळे उघडले. चेंडू समोर!

"माझाऽऽ!"

आणि पोटाशी धरलाच! पंच दचकला, त्याची शिट्टी वाजली, सामना संपला. शून्य शून्य.

"आजी, बघितलंस? मी झेलला! डाव्या हाताकडून आला होता, तरी झेलला!" अय्यूब ओरडत आला. तामूने बोटांवर शब्द मोजले आणि दहा झाल्यावर मोजायचं सोडून दिलं.

निरीक्षकाने नियमांचं पुस्तक चाळलं. "ओरडायला मनाई आहे. आनंदाबद्दल काही लिहिलेलं नाही," तो म्हणाला. "असा शांत सामना मी वीस वर्षांत बघितला नाही." त्याने सही करायला पेन टेकवलं.

तिथेच तामूने गप्प राहायचं! पण नाही.

"आता तरी काम झालं ना, साहेब? दोन घास करून देते गरम."

"नको, नको. कशाला त्रास?" सी मफद्दल भल्या मनाने म्हणाला. "आमच्याकडे बायको पाकिटातला कुस्कुस करते. गरम पाणी ओतलं की पाच मिनिटांत तयार! तेच, सगळं सारखंच की हो."

जागे झालेले पुन्हा झोपल्याचं सोंग घेऊ लागले.

"सारखंच?" तामू म्हणाली. "अरे पाकिटातल्या माणसा! अरे पाच मिनिटांच्या! पहाटेपासून तीनदा वाफवलाय मी, माझी हाडं त्याच वाफेत शिजलीत, आणि तू म्हणतोस सारखंच? तुझी जीभ आहे का वहाणेचा तळ? तुला जेवण काय कळणार रे, तुझा तर जन्मच कोणीतरी गरम पाणी ओतून..."

"लल्ला, चांगलं बोला! चांगलं!" बुशाइब दोन्ही हात जोडून मागून कुजबुजत होता. बुशाइब! मिलूद चेंडूवर बसला आणि त्याने डोकं धरलं.

तामूला अय्यूब दिसला. हातमोजे छातीशी धरून उभा. तोंड पुन्हा मिटलेलं.

ती थांबली. चाळीस वर्षांत ती पहिल्यांदा वाक्य अर्धं सोडून थांबली.

"साहेब," ती म्हणाली, "तोंड माझं आहे. पोरांचं नाही. जे काय लिहायचं ते माझ्या नावावर लिहा."

सी मफद्दल बराच वेळ लिहीत राहिला. मग मिलूदने वाचून दाखवलं. "सामन्यात इजा शून्य. अपशब्द शून्य. संघ कायम. अंतिम शिट्टीनंतर एका आजीने निरीक्षकाचा अपमान केला. आजीला दोन सामने मैदानबंदी."

सगळे हळहळले. "अरेरे, लल्ला!" तामूनेही ओढणी डोळ्यांना लावली. ओढणीआड ती हसत होती. दोन शुक्रवार! दोन अख्खे शुक्रवार झोप!

पुढच्या शुक्रवारी पहाटे ती पांघरूण नाकापर्यंत ओढून पडली होती, तोच कडी वाजली. दारात मिलूद, मागे बुशाइब मटण घेऊन, त्याच्यामागे दोन बाप रव्याचं पोतं धरून.

"मला बंदी आहे," तामू आतूनच म्हणाली.

"मैदानावर आहे, आत्या. स्वयंपाकघराबद्दल कागदात काही नाही. आणि आजचा पाहुणा संघ कालपासून जेवला नाहीये म्हणे. मुद्दाम."

त्यांच्या मागे सी मफद्दल उभा होता, शेजारी त्याची बायको. "हिला बघायचंय, तीनदा कसं वाफवतात," तो स्वतःच्या बुटांना सांगत होता.

तामूने गुडघ्यांना दटावलं आणि बाह्या वर केल्या. परात खाली काढते तोच मागून कोणीतरी तिचा झगा ओढला. अय्यूब होता.

"आजी," तो हळूच म्हणाला, "मला आज नुसतं केळं चालेल."

तामूने खिडकी लावून घेतली, गल्लीत कोणी बघत नाही ना याची खात्री केली, आणि त्याला दोन दिली.