रंगनाथ भाऊजी आणि माझं डावं बुबुळ

आमचे शेजारी रंगनाथ भाऊजी रामराम घालायच्या आधी समोरच्याची हनुवटी धरून त्याचं तोंड उन्हाकडं फिरवतात. "जरा उजेडाकडं व्हा," एवढंच म्हणतात. मग आधी डावा डोळा, मग उजवा. समोर तलाठी असो, पाहुणा असो, नाहीतर मतं मागायला आलेला पुढारी असो. एका पुढाऱ्याला तर त्यांनी सगळ्या कार्यकर्त्यांसमोर सांगितलं, "कावीळ हुतीय तुमाला. भाषण ऱ्हाऊ द्या, रक्त तपासा." पुढारी फणकारून गेला. आठ दिवसांनी दवाखान्यातल्या खाटेवरून त्यानं भाऊजींना रामराम पाठवला.

भाऊजींचा जन्म बैलांच्या बाजारात गेला. सिरसाळ्याच्या आसपास कुणाला बैलजोडी घ्यायची झाली की दलाल तेच. बाकीचे दलाल बैलाचे दात बघायचे, शेपूट पिरगाळायचे. भाऊजी नुसते त्याच्या डोळ्यांत बघत उभे राहायचे. "दात कानशीनं घासता येत्यात," ते म्हणायचे, "बुबुळ घासून दाखवा बरं!"

आता माझी फजिती सांगते. मी एकोणीस वर्षांची नवी नवरी, त्यात मॅट्रिक झालेली, म्हणजे माझ्या मते अर्धी सिनेमानटीच. पहिल्याच आठवड्यात भाऊजी आले, "वहिनी, जरा उजेडाकडं व्हा" म्हणाले आणि दोन्ही डोळ्यांत खोल बघितलं. दीर-भावजयीची थट्टा चालते, पण हे बघणं काही थट्टेतलं नव्हतं. गडी घायाळ झाला, अशी माझी खात्रीच पटली. पंधरा दिवस मी दुहेरी काजळ घातलं. बिचाऱ्याचं मन मोडू नये म्हणून नकाराची दोन गोड वाक्यंही पाठ करून ठेवली. शेवटी आमचे हे हसत म्हणाले, "रंगनाथ म्हणत हुता, वहिनी निरोगी हाय. फकस्त काजळ कमी घालाय सांग, डोळं चिकटत्याल."

त्या सिनेमानटीनं पुढं पन्नास वर्षं भाऊजींवर दात धरला.

म्हणून गेल्या वर्षी मी अंगणात ज्वारी निवडत असताना ते म्हणाले, "वहिनी, डाव्या बुबुळाचं सूत उसवलंय," तेव्हा मी म्हटलं, "भाऊजी, आता सत्तरीत कशाला लाडीगोडी?"

ते हसले नाहीत. "खालच्या अंगाला राखाडी झालंय. धागं सुटल्यावानी. दिव्याभवती कडं दिसतंय का?"

दिसत होतं. संध्याकाळी डोकंही ठणकायचं. त्याचं खापर मी टीव्हीवरच्या मालिकांवर फोडलं होतं.

"वयानं हुतं ते," मी म्हटलं.

"वयानं केस पांढरं हुत्यात. बुबुळ उसवत न्हाई. उद्या अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात."

मी आठ दिवस टाळलं. नवव्या दिवशी ते पटका बांधून सकाळीच आमच्या दारात येऊन बसले. "तुमी निघूस्तवर मी चा घेणार न्हाई." भाऊजींना चहाविना बघण्यापेक्षा डोळा दाखवलेला बरा, म्हणून निघाले.

डॉक्टरीणबाईंनी यंत्रातून बराच वेळ बघितलं. मग दोन शिकाऊ डॉक्टरांना हाक मारली. त्यांनीही बघितलं. मला उगाच मोठं झाल्यासारखं वाटलं. बुबुळाचा वरचा थर विरून त्याचे धागे डोळ्यातल्या पाण्यात लोंबत होते. "हा आजार क्वचितच दिसतो, तोही उतारवयात," बाई म्हणाल्या. "याच्याबरोबर डोळ्यातल्या पाण्याची वाट अडते, दाब वाढतो. तुम्हाला काचबिंदू सुरू झालाय, आजी. कडेची थोडी नजर गेली ती परत येणार नाही. उरलेली राखू." मग त्यांनी लेसरनं बुबुळाला बारीक छिद्र पाडलं, रोज घालायचे थेंब लिहून दिले आणि विचारलं, "कुणी पाठवलं तुम्हाला?"

"बैलांच्या दलालानं," मी म्हटलं.

आज मी सुईत दोरा ओवते, नातीच्या फोनमधलं चोरून वाचते, ती सगळी त्याच माणसाची कृपा.

त्या दिवशी आम्ही तपासणी उरकून निघालो, तर भाऊजी बाईंच्या दारातच अडले. "बाई, येक इचारू का? काचबिंदू आमच्या मंडळीला बी झाला."

त्यांच्या कौसाबाईंची नजर जाऊन दहा-बारा वर्षं झाली. गावात कुणी भाऊजींपुढं तो विषय काढत नाही.

"थोरामोठ्यांपुढं बायकोच्या तोंडाकडं बघायची आमच्यात रीत नव्हती," ते म्हणाले. "पुढं थोरंमोठी गेली, पर माझी सवय ऱ्हायली. ती उंबऱ्याला ठेचकाळायची, अन मी तिला धांदरट म्हणायचो. साऱ्या बाजाराचं डोळं बघितलं मी. तिचं बघितलं असतं, तर दिसलं असतं का?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "या आजींचं बुबुळच बिघडलं होतं, म्हणून तुम्हाला दिसलं, बाबा. नेहमीचा काचबिंदू असा वरून दिसत नाही. मलासुद्धा यंत्राशिवाय दिसला नसता."

"नसता दिसला?"

"नसता."

परतीच्या एसटीत भाऊजींनी मला तीनदा विचारलं, बाई नक्की काय म्हणाल्या. मी तिन्ही वेळा सांगितलं. दवाखान्यात घातलेल्या थेंबांनी डोळ्यांपुढं सगळं धूसर होतं, त्यामुळं चौथ्यांदा ते माझ्याकडं वळले तेव्हा त्यांचं तोंड कसं झालं होतं, ते मला दिसलं नाही. आवाज तेवढा ऐकू आला.

"वहिनी, घरी गेल्यावर कौसाला हे तुमीच सांगता का?"