तानुबाईंच्या भरीतातली साखर

संघपाल रविवारी दुपारी आपल्याच हॉलमध्ये कॉलनीतल्या लोकांसमोर ‘भूत नसतं’ या विषयावर बोलणार होता, आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावर बसलेल्या तानुबाईंचं तोवर काय करायचं हा समीक्षापुढे प्रश्न होता.

धुळ्याला देवपुरातली ही तळमजल्याची जागा त्यांनी नुकतीच भाड्याने घेतली होती. तानुबाई म्हणजे घरमालक आधारनानांची बायको. त्या वारल्यावर नाना वरच्या खोलीत राहायला गेले आणि खालचं घर भाड्याने दिलं. स्वयंपाकघर मात्र तानुबाईंनी सोडलं नव्हतं. समीक्षा सकाळची शाळा आटपून दुपारी घरी आली, की त्या गॅसशेजारी मांडी घालून बसलेल्या असायच्या. मागची तिखटाची बरणी त्यांच्या अंगातून स्वच्छ दिसायची. पहिल्या दिवशी समीक्षाच्या हातून दुधाचं पातेलं निसटलं, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, “फडकं खालना कप्पामा शे.”

फडकं खरंच तिथे होतं. दोघींची ओळख झाली ती अशी.

तानुबाईंचं दुखणं वेगळंच होतं. सोनगीरच्या मळ्यात झालेल्या भरीत पार्टीत त्यांचं भरीत गोड लागलं होतं. साऱ्या पाहुण्यांनी पहिला घास घेतला आणि एकमेकांकडे पाहिलं. भरीत करावं तर तानुबाईंनी, असं म्हणणाऱ्या लोकांनी त्या दिवशी लोणच्याबरोबर जेवण उरकलं. पुढे महिन्याभरात त्या तापाने गेल्या, त्या हा डाग घेऊनच.

“मना भरीतमा साखर कोन्ही टाकी, ते समजल्याबिगर मी आठून हालनार नही,” त्या म्हणाल्या. “तू शाळामा पोरेस्नी कॉपी पकडस ना? मंग हाई बी शोध.”

समीक्षाला हे नवऱ्याला सांगायची सोय नव्हती. संघपाल कॉलेजात फिजिक्स शिकवायचा आणि शिंदखेड्यापासून साक्रीपर्यंत गावोगाव अंधश्रद्धेवर बोलायचा. याच्या बायकोलाच भूत दिसतं म्हटल्यावर त्याचं कोण ऐकणार? त्यात तानुबाईंनी जाहीर केलं, “रविवारले मी बी येसू. मी कशी नही, ते माले ऐकनं शे.”

म्हणजे रविवारच्या आत गुन्हेगार सापडायला हवा होता.

तानुबाईंचा संशय जावेवर, आक्काबाईंवर होता. समीक्षा वाटीभर भरीत घेऊन मागच्या गल्लीत त्यांच्याकडे गेली आणि बोलता बोलता पार्टीचा विषय काढला. आक्काबाई जराही बिचकल्या नाहीत.

“मी टाकती तं मीठ टाकती,” त्या म्हणाल्या. “मीठ ज्यादा व्हयनं तं करनारीनीच चूक म्हनतस. साखर टाकाले माणूस येडा लागस. आनि मी पुऱ्या लाटत व्हतू. भरीत घोटाले तं नाना बठेल व्हतात.”

दुसऱ्या दिवशी समीक्षा भरीत-भाकरीचं ताट घेऊन वर गेली. नानांनी तोंड भरून आशीर्वाद दिला, फडताळातून साखरेचा डबा काढला आणि चव न बघताच भरीतावर चमचाभर साखर भुरभुरली. मग त्यांचं लक्ष समीक्षाच्या चेहऱ्याकडे गेलं. चमचा हातातच राहिला.

“लगीन व्हयनं तैपासून मनी जीभ जयी राहिनी, बेटा,” नाना हळूच म्हणाले. “कमी तिखट कर, असं तिले म्हनानी हिंमत व्हयनी नही. त्या दिन घोटता घोटता मूठभर साखर टाकी दिधी. मूठ जरा मोठी व्हयी गयी.”

“नाना, सगळे त्यांना हसले.”

“मालूम शे. तैपासून घास गोड लागत नही.” त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. “तू तिले सांगू नको.”

“त्या तर गेल्या ना, नाना?”

“तरी बी.”

रविवारी हॉल गच्च भरला. नाना पुढच्या रांगेत होते. त्यांच्या शेजारची एकच खुर्ची रिकामी होती. तानुबाई पदर सारखा करून ओट्यावरून उतरल्या, तेव्हा समीक्षाने चहा उकळता उकळता त्यांना सगळं सांगून टाकलं.

तानुबाईंनी तिखटाच्या बरणीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “इतलं तिखट लागे, तं सांगाले काय व्हयनं व्हतं?” आणि भिंतीतून सरळ हॉलमध्ये गेल्या.

समीक्षा ट्रे घेऊन धावली, तोवर त्या नानांशेजारी बसून तेच विचारत होत्या. संघपाल सांगत होता, “भूत म्हणजे आपल्याच मनातली भीती.” नानांनी शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं आणि पांढरेफटक पडले.

“तानू,” ते म्हणाले, “मी सांगतू, तं तू ऐकती का?”

नाना खुर्चीचं काहीतरी ऐकत राहिले. त्यांची मान खाली गेली, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि मग ते चक्क हसले. मागच्या रांगेतले दोघे चपला शोधू लागले.

संघपाल मात्र डगमगला नाही. “बघा,” तो म्हणाला, “माणूस जातं, पण त्याच्याशी बोलायची सवय जात नाही. लोक यालाच भूत म्हणतात.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्याचं इतकं रंगलेलं व्याख्यान समीक्षाने कधी पाहिलं नव्हतं.

लोक गेल्यावर खुर्च्या आवरताना तिला राहवलं नाही. “अहो, एक सांगायचंय. आपल्या ओट्यावर—”

“तानुबाई?” संघपाल खुर्ची मिटत म्हणाला. “तू शाळेत गेलीस की सकाळी असायच्या. मी पहिल्याच दिवशी त्यांना समजावून सांगितलं, की तुम्ही नाही आहात. त्या बरं म्हणाल्या. साखरेचं मलाही विचारत होत्या. पण ज्या नाहीतच, त्यांच्यासाठी मी चौकशी कशी करणार?”

“मग मला का नाही सांगितलं?”

“नसलेल्या बाईबद्दल काय सांगायचं?” तो म्हणाला. मग जरा घुटमळून त्याने विचारलं, “गेल्या का?”

“वर गेल्या. नानांकडे.”

संघपालने खुर्ची भिंतीला टेकवली आणि रिकाम्या ओट्याकडे पाहिलं.

“बरं झालं,” तो म्हणाला. “पण सकाळच्या चहाला सोबत होती.”